सांध्यांची घरं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

माझी सारी नोकरी ओव्हरसिअरकीत गेली. खेड्यापाड्यांत आम्हाला ‘ओव्हरशेर’ म्हणत आणि त्यातला ‘शेर’ ऐकून सुरुवातीला छाती फुगायची. पुढे बिलं थकली, पावसाळे आले, छतं गळली, तेव्हा शेराची शेळी कधी झाली ते कळलं नाही. सेवानिवृत्तीनंतर नागभीडला स्थायिक झालो. बांधकाम हा विषय आता संपला, असं मी धरून चाललो होतो. तो पुन्हा सुरू झाला माझ्या भाच्यामुळे, आणि तोही एका खेळातून.

मे महिन्यातली दुपार होती. आमच्याकडे त्या दिवसांत ब्रह्मपुरी-नागभीडचा पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसवर जातो आणि माणसं कूलरपुढून हलत नाहीत. भाचा कॉम्प्युटरपुढे बसला होता. अभ्यास चालला असेल म्हणून मी सहज डोकावलो, तर पडद्यावर बर्फ पडत होतं आणि एक क्रेन भिंतीच्या भिंत उचलून चौथ्या मजल्यावर ठेवत होती. खिडकी, चौकट, सगळं त्या भिंतीत आधीच बसवलेलं. मी म्हटलं, “हे काय रे?” तो म्हणाला, “मामाजी, रशियातली बिल्डिंग आहे. मी बनवून राहिलो.”

हा पोरखेळ म्हणून मी सोडून दिला असता. पण त्याच आठवड्यात माझ्या बहिणीच्या, म्हणजे त्याच्या आईच्या घरी एक कागद आला होता. तिचा थोरला मुलगा पनवेलकडे कारखान्यात कामाला आहे. त्याला तिकडच्या एका सोडतीत घर लागलं, अकराव्या मजल्यावर. हप्ते भरायला तिला दीड एकर धानाचं शेत विकावं लागणार होतं. मुलाने फोनवर सांगितलं की इमारत जागेवर बांधलेली नाही, भिंती आणि स्लॅब कारखान्यात ओतून, ट्रेलरवर आणून जोडलेत. बहीण माझ्याकडे आली आणि म्हणाली, “भाऊ, थे तुकड्यातुकड्याची इमारत टिकते का? तू सांगशील तसं करू.”

दीड एकराचं ओझं असं माझ्या एका वाक्यावर येऊन बसलं. त्यामुळे भाच्याच्या खेळाकडे मी नीट बघायला लागलो.

आता हा खेळ म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी या वयाची मुलं नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. शहर वसवण्याचे खेळ कॉम्प्युटरवर पुष्कळ आहेत. फिनलंडच्या एका कंपनीचा ‘सिटीज : स्कायलाइन्स’ नावाचा खेळ २०१५ मध्ये आला. त्यात तुम्ही जणू नगराध्यक्ष असता; रस्ते आखा, नळ टाका, कर बसवा. खेळणाऱ्यांना स्वतः इमारती तयार करून त्यात घालता येतात, म्हणून जगभरची मंडळी आपापल्या गावच्या इमारती बनवत बसतात. दुसरा खेळ स्लोव्हाकियातल्या एका छोट्या चमूने केला, ‘वर्कर्स अँड रिसोर्सेस : सोव्हिएत रिपब्लिक’. तो २०१९ मध्ये अपुऱ्या रूपात आणि २०२४ मध्ये पूर्ण होऊन बाहेर आला. यात पैसे टाकले की इमारत उभी, असं होत नाही. आधी खडीची खाण, मग सिमेंटचा कारखाना, मग त्या दोन्हींतून भिंतींचे तयार तुकडे ओतणारा कारखाना, मग ते वाहून नेणारे ट्रक, मग क्रेन. लोकांना चालत जाता येईल इतक्या अंतरावर बसथांबा नसेल तर ते कामावर पोचत नाहीत. गरम पाण्याचा नळ पोचला नाही तर हिवाळ्यात घरं गारठतात. मला तर हा खेळ कमी आणि आमच्या खात्याचं कामाचं रजिस्टर जास्त वाटलं.

स्लोव्हाकियातल्या लोकांना हे सुचावं यात नवल नाही. त्यांच्या राजधानीत, ब्रातिस्लाव्हात, डॅन्यूब नदीच्या पलीकडे पेट्रझाल्का नावाची वसाहत आहे. १९७० च्या दशकापासून ती अशाच तयार तुकड्यांतून उभी राहिली आणि लाखाच्या वर माणसं तिथे राहतात. तिकडे अशा इमारतीला ‘पॅनेलाक’ म्हणतात, जर्मनीत ‘प्लाटेनबाऊ’. ज्या वयात आपण कवेलूच्या घरात, कौलांच्या फटीतून येणारं ऊन मोजत वाढलो, त्या वयात तिकडची दोन-तीन पिढ्यांची मुलं या घरांत वाढली.

याची सुरुवात मॉस्कोत झाली असं सरसकट म्हणतात. ते पुरतं खरं नाही. मोठ्या तुकड्यांची घरं जर्मनीत पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात करून पाहिली गेली होती, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये रेमाँ कामू नावाच्या अभियंत्याने त्याची पद्धतशीर कारखानदारी बसवली. पण अवाढव्य प्रमाणावर ती नेली सोव्हिएत संघानेच. युद्धाने तिथली शहरंच्या शहरं जमीनदोस्त केली होती. जी घरं उरली त्यांत एकेका खोलीत एकेक कुटुंब आणि पाच-सहा कुटुंबांत मिळून एक स्वयंपाकघर. स्टॅलिनच्या काळात इमारती बांधल्या जात होत्या, नाही असं नाही. पण खांब, नक्षी, मनोरे यांवर पैसा जायचा आणि घरं मोजकी निघायची. स्टॅलिन १९५३ मध्ये गेला. डिसेंबर १९५४ मध्ये ख्रुश्चेव्हने बांधकाम करणाऱ्यांच्या परिषदेत या नक्षीकामावर सडकून टीका केली. नोव्हेंबर १९५५ मध्ये वास्तुरचनेतला ‘अतिरेक’ बंद करण्याचा हुकूम निघाला. जुलै १९५७ मध्ये ठरावच झाला की दहा-बारा वर्षांत घरांची टंचाई संपवायची.

मॉस्कोच्या नैर्ऋत्येला नोव्हिये चेर्योमुश्की नावाचा भाग आहे. तिथे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेगवेगळे नमुने बांधून पाहिले गेले. व्हितालि लागुतेंको या अभियंत्याने ‘के-७’ नावाचा पाच मजल्यांचा नमुना बसवला. पाचच मजले का? कारण त्याहून उंच गेलं की लिफ्ट द्यावी लागे आणि लिफ्ट म्हणजे खर्च. छत अडीच मीटरवर, म्हणजे सव्वाआठ फूट. स्वयंपाकघर पाच-सहा चौरस मीटर. न्हाणी-संडास एकत्र. के-७ ला तर सज्जाही नव्हता. पुढे कामूच्या फ्रेंच पद्धतीवर बेतलेली ‘१-४६४’ ही मालिका आली आणि ती देशभर पसरली. लोकांनी या घरांना ख्रुश्चेव्हच्या नावावरून ‘ख्रुश्चोव्का’ म्हटलं आणि झोपडपट्टीसाठी असलेल्या रशियन शब्दाशी ते नाव जुळवून त्याची थट्टाही केली. पण थट्टा करणारेही किल्ली हातात पडली तेव्हा रडले असतील. आयुष्यात पहिल्यांदा दार आतून लावता येत होतं.

आता हा तुकडा बनतो कसा? आपल्या नागभीडकरांना हे समजावणं सोपं आहे. इतवारी-नागभीडची नॅरोगेज गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली आणि रूळ रुंद करण्याचं काम निघालं. रुंद रुळांखाली जे सिमेंटचे स्लीपर टाकतात, ते जागेवर ओतत नाहीत. कारखान्यात पोलादी साच्यात सळ्या ताणून ठेवतात, काँक्रीट भरतात, ते हलवून बसवतात आणि मग वाफ देतात. एरवी काँक्रीटला पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस धरतात. वाफेवर ते साच्यातून काढण्याइतकं घट्ट एका रात्रीत होतं. इडलीपात्रच समजा. दुसऱ्या दिवशी साचा रिकामा, पुन्हा भरा. घराचा तुकडा म्हणजे असाच एक स्लीपर, फक्त खोलीएवढा रुंद, काही टन वजनाचा आणि मध्ये खिडकीचं भोक असलेला. थंड देशांत बाहेरच्या भिंतीच्या पोटात ऊब धरणारा थर घालतात. कडेला लोखंडी पट्ट्या किंवा सळ्यांची टोकं बाहेर ठेवलेली असतात. जागेवर नेऊन ही टोकं एकमेकांना जोडायची, मधली फट भरायची, बाहेरून सांधा बंद करायचा आणि पुढचा तुकडा ठेवायचा.

या सगळ्यात काटकसर कुठून येते? साच्यांची संख्या कमी ठेवण्यातून. पोलादी साचा महाग. त्यातून दहा तुकडे काढले तर तुकडा महाग, दहा हजार काढले तर स्वस्त. म्हणून नकाशा काढणाऱ्यावर बंधन, की नवा तुकडा मागायचा नाही. आहेत त्या तुकड्यांत घर बसव.

गंमत अशी की भाच्यालाही हेच बंधन आहे. तो ‘ब्लेंडर’ नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इमारत घडवतो. खेळाच्या शहरात एका वेळी हजारो इमारती दाखवायच्या असतात. प्रत्येकीचे कंगोरे आणि चित्रं वेगवेगळी ठेवली तर कॉम्प्युटरचं डोकं तापतं. म्हणून त्याने चारच तुकडे केले. एक साध्या खिडकीचा, एक सज्जाचा, एक जिन्याचा आणि एक कडेच्या आंधळ्या भिंतीचा. मग तेच वर-खाली, डावी-उजवीकडे डकवत नेले. लांबून दिसणाऱ्या इमारतीसाठी तर आणखी हलकी प्रत ठेवायची, जिच्यात खिडक्या खऱ्या नसतातच, नुसत्या रंगवलेल्या. हे ऐकून मला आमची झाडीपट्टीची नाटकं आठवली. वडशाच्या कंपन्यांचा माल दिवाळीनंतर ट्रकमधून गावोगाव फिरतो. रंगवलेल्या त्याच चौकटी आज वाडा, उद्या झोपडी, परवा जेल. दुपारी धानाच्या बांधीत काही नसतं आणि रात्री तिथे राजवाडा उभा असतो. प्रेक्षकही कुरकुर करत नाही की हा वाडा मागच्या नाटकात पाहिला.

रशियात मात्र लोकांनी कुरकुर केली आणि ती मोठी मजेची. एल्दार र्‍याझानोव्हचा ‘आयरनी ऑफ फेट’ हा चित्रपट १ जानेवारी १९७६ रोजी तिथल्या टीव्हीवर दाखवला गेला. मॉस्कोतला एक डॉक्टर दारूच्या नशेत लेनिनग्राडला जाऊन पडतो. टॅक्सीला आपला पत्ता सांगतो. त्या नावाचा रस्ता तिथेही असतो, तीच इमारत, तोच मजला, आणि किल्लीही बेमालूम लागते! आत जाऊन तो झोपतो आणि घरमालकीण येते. पुढचं सांगत नाही. नव्या वर्षाच्या रात्री रशियन घरांत हा चित्रपट अजून लावतात.

भाच्याची पहिली इमारत मला फसवी वाटली आणि का ते लगेच कळेना. माप बरोबर, रंग बरोबर. मग लक्षात आलं की सगळे सांधे सारखेच स्वच्छ होते. खऱ्या इमारतीचे फोटो आम्ही नीट पाहिले. त्यांत तुकड्यांच्या कडा डांबरासारख्या काळ्या पट्ट्यांनी अधूनमधून बुजवलेल्या. कारण तिथे पाणी आलेलं, कुणीतरी तक्रार केलेली, कुणीतरी दोराला लटकून ती फट भरलेली. सज्जे पाहावेत तर एकाने काचेने बंद केलेला, दुसऱ्याने पत्र्याने, तिसऱ्याने फळ्यांनी. मुंबईत लोक बाल्कनीला ग्रील लावून खोली करतात, तसंच. मी भाच्याला म्हटलं, “चार तुकडे ठेव, पण सांधे काळे कर. अन् सगळे नको करू. वरच्या मजल्याचे अन् पावसाच्या बाजूचे कर.” तो दोन रात्री बसला. तिसऱ्या दिवशी इमारत राहती वाटायला लागली.

हे मी त्याला इतक्या ठामपणे सांगू शकलो, त्याला कारण आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने छताची एक पद्धत काढली होती. सुमारे फूटभर रुंद आणि पाच फुटांपर्यंत लांब अशा काँक्रीटच्या फळ्या आधी ओतून ठेवायच्या. त्या दोन मजूर हाताने उचलू शकतील इतक्याच वजनाच्या. अर्धवट ओतलेल्या तुळयांवर त्या मांडायच्या आणि वरून काँक्रीट भरून सगळं एकजीव करायचं. सेंट्रिंगचा खर्च वाचतो. पद्धत चांगली, आजही चांगलीच आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका वसाहतीच्या कामावर अशी छतं टाकताना देखरेख माझ्याकडे होती. एका संध्याकाळी शेवटच्या ओळीच्या फटी भरायच्या राहिल्या. अंधार झाला होता, गाडी निघत होती. मिस्त्री म्हणाला, सकाळी सहाला भरून घेतो. मी त्याच संध्याकाळी रजिस्टरवर सही केली. सकाळी वरचं काँक्रीट पडून गेलेलं होतं. खाली फट भरली की नाही ते मी पाहिलं नाही, आणि विचारलंही नाही. पहिल्या पावसात नेमकी तीच ओळ गळली. खालच्या खोलीत एक बाळंतीण होती. तिने रात्रभर परातीत पाणी धरलं, हे मला दुसऱ्या दिवशी तिच्या सासूने ओरडून सांगितलं. फळ्यांना काहीच झालं नव्हतं. त्या आजही असतील तर तशाच शाबूत असतील.

तेव्हापासून मी तुकड्याकडे बघत नाही, सांध्याकडे बघतो. आणि जगभरात अशा इमारतींचं जे जे बिघडलं, ते वाचताना हेच दिसत गेलं.

लंडनच्या पूर्व भागात रोनन पॉइंट नावाची बावीस मजल्यांची इमारत होती. डेन्मार्कच्या पद्धतीने मोठ्या तुकड्यांची उभारलेली. लोक राहायला येऊन दोन महिने झाले होते. १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावरच्या एका बाईने चहासाठी काडी ओढली. रात्रीतून गॅस गळलेला होता. स्फोट तसा फार मोठा नव्हता. ती बाई त्यातून वाचली. पण कोपऱ्याची भिंत बाहेर ढकलली गेली. त्या भिंतीवर वरचे मजले टेकलेले होते, ते खाली आले, आणि त्यांच्या भाराने खालचे. इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत पत्त्यांसारखा गेला. चार माणसं मेली. १९८६ मध्ये ती इमारत सुटी करून उतरवली, तेव्हा काही सांध्यांत मसाल्याऐवजी वर्तमानपत्रांचे बोळे सापडले. हे वाचलं त्या रात्री मला आमची ती शेवटची ओळ आठवून झोप आली नाही. माझ्या सहीने कुणी मेलं नाही, एवढाच काय तो फरक.

या अपघातानंतर नियम बदलले. एक भिंत गेली तरी वरचा भार शेजारच्यांनी झेलला पाहिजे, म्हणून तुकडे उभे-आडवे सळ्यांनी एकमेकांत बांधलेलेच हवेत, असं ब्रिटनमध्ये ठरलं आणि पुढे जगभरच्या नियमांत ते आलं. आपल्याकडे मोठ्या तुकड्यांच्या बांधकामासाठी भारतीय मानक १९८५ मध्येच निघालं होतं, आणि तयार काँक्रीटच्या इमारतींचं सविस्तर मानक २०१० मध्ये आलं.

आता याच्या उलट एक उदाहरण, जे मी बहिणीला पहिल्यांदा सांगितलं. आर्मेनियात ७ डिसेंबर १९८८ रोजी मोठा भूकंप झाला. सुमारे पंचवीस हजार माणसं दगावली. लेनिनाकान या शहरात, ज्याला आता ग्युमरी म्हणतात, नऊ-नऊ मजल्यांच्या इमारती खाली बसल्या. तुम्हाला वाटेल, तुकड्यांच्या होत्या म्हणून पडल्या. होत्याही तुकड्यांच्याच. पण त्या खांब आणि तुळया जोडून केलेल्या सांगाड्याच्या होत्या, आणि जोड जिथे कच्चे होते तिथे सुटले. त्याच शहरात भिंतींचेच मोठमोठे तुकडे जोडून केलेल्या इमारती मात्र बहुतेक उभ्या राहिल्या. कारण भिंतींची पेटी तयार झाली की ती हादरा सगळीकडे वाटून घेते. टेबलाचे पाय हलतात, पेटी हलत नाही, असं म्हणा. म्हणजे ‘तुकड्यांची इमारत’ असा एकच प्रकार नाही. कुठला तुकडा, कशाला आणि कसा जोडला, ते पाहावं लागतं.

आपल्या देशातला पहिला अनुभव काही चांगला नव्हता. फाळणीनंतर निर्वासितांसाठी दिल्लीत १९४८ च्या सुमारास सरकारने घरांचा कारखानाच काढला. त्याच्यामागे ओटो कोनिग्सबर्गर हा जर्मनीत जन्मलेला, म्हैसूर संस्थानात काम केलेला वास्तुतज्ज्ञ होता. भुवनेश्वरचा आराखडा त्याचाच. फेसाळ हलक्या काँक्रीटचे तुकडे निघाले, त्यांना भेगा पडल्या आणि संसदेत गदारोळ झाला. पुढे तो कारखाना सावरला आणि ‘हिंदुस्थान प्रीफॅब’ या नावाने चालला, पण घरांच्या बाबतीत लोकांच्या मनात एक अढी बसली. भिलाईचंच बघा. तो पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीचा. करार १९५५ चा, पहिली झोतभट्टी १९५९ ची. आपल्या भागातले कितीतरी लोक गोंदियावरून पुढे जाऊन तिथे चिकटले. पण तिथले क्वार्टर्स बघितले तर सेक्टर पाडलेले, पुढे-मागे झाडं, विटांच्या भिंती. रशियाने भट्टी दिली, घर आपण आपल्या पद्धतीने केलं. जागा होती, मजूर होता, वीटभट्टी होती. क्रेन कशाला आणा?

महाराष्ट्रात हे काम चिकाटीने कुणी केलं असेल तर वाई तालुक्यातल्या पसरणीचे बी. जी. शिर्के यांनी. स्वीडनचं ‘सिपोरेक्स’ हे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचं तंत्र त्यांनी पुण्यात आणलं आणि तयार भागांची घरबांधणी बसवली. २००३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता तर नवी मुंबईकडे सगळं चित्रच पालटलं आहे. जमीन थोडी, माणसं पुष्कळ आणि कुशल गवंडी मिळेनासा, म्हटल्यावर कारखाना परवडायला लागला. सिडकोने २०२२ मध्ये उलव्याजवळ बामणडोंगरीला ९६ दिवसांत ९६ घरांची बारा मजली इमारत तयार तुकड्यांतून उभी करून दाखवली. ख्रुश्चेव्हला लिफ्ट परवडत नव्हती म्हणून तो पाचावर थांबला. आपण थांबत नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते आणि ती सांध्याची नाही. काँक्रीटची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते घरात ओकते. रशियात तो गुण, आपल्याकडे शिक्षा. ताश्कंदला १९६६ च्या भूकंपानंतर जी तुकड्यांची घरं बांधली, तिथे तिथल्या वास्तुकारांनी भिंतींपुढे उन्हाच्या जाळ्या बसवल्या, त्यांवर आपली नक्षी आणली. तुकडा तोच, पण गावाचं ऊन बघून. पनवेलला समुद्राची हवा आहे, भागेल. उद्या हीच घरं कुणी नागभीडला आणली आणि जाळी, ओसरी, वाऱ्याची वाट काहीच ठेवलं नाही, तर मे महिन्यात त्यात माणूस नाही, पापड राहील.

भाच्याने अकरा मजल्यांची इमारतही केली, भावाच्या घरासारखी. आईला बोलावून दाखवली. तिने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “याच्यात कुरोड्या कुठं वाळवाव?” त्याने गच्ची दाखवली. ती म्हणाली, “अकराव्या माळ्यावरून गच्चीवर कोण राखन बसन?” त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नाही.

टिकण्याबद्दल मी तिला स्पष्ट सांगितलं. कारखान्यातला तुकडा आपल्या गवंड्याच्या भिंतीपेक्षा सहसा बराच असतो, कारण तिथे माप आणि मसाला रोज तपासला जातो. नव्या इमारतींत सळ्यांची टोकं नळ्यांत शिरवून त्यांत न आकसणारा मसाला दाबून भरतात. ते नीट केलं असेल तर घर तुझ्या नातवालाही पुरेल. पण नीट केलं आहे की नाही, ते मला खेळात दिसत नाही. ते तिथे जाऊन बघावं लागेल. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, भिंत आणि स्लॅब मिळतात तिथे, न्हाणीच्या वरच्या अंगाला, बाहेरच्या सांध्याला ओल आहे का. आणि ते उन्हाळ्यात बघून उपयोग नाही.

म्हणून शेताचा सौदा तिने थांबवला आहे. घर घ्यायचं नाही असं नाही. पाऊस पडेपर्यंत थांबायचं. थोरल्याने मुदत मागून घेतली. जुलैच्या तिसऱ्या आठवड्याची माझी आणि भाच्याची तिकिटं काढून झाली आहेत. मी टॉर्च घेतली आहे. त्याने मोजपट्टी आणि कॅमेरा घेतला आहे. बहिणीने आमच्यासोबत सुतळीचा एक तुकडा दिला आहे. तिला दोन गाठी मारल्या आहेत. पहिल्या गाठीपर्यंत तिच्या धानाच्या कोठीची रुंदी आहे आणि दुसऱ्या गाठीपर्यंत आमच्या आईच्या दिवाणाची लांबी. हे दोन्ही त्या घरात कुठे बसतं, ते सुतळी लावून पाहून यायला सांगितलं आहे.